रेघेच्या मागे

माझ्या सख्ख्या भावाला कसल्या गोळ्या चालू आहेत, हे मला सांगायला त्याच्या मुलीने साफ नकार दिला. तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. "आत्या, ते तू बाबांनाच विचार," म्हणाली, आणि त्याच्या गोळ्यांचं पाकीट खणात टाकून खण लावला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हिला मी अंगाखांद्यावर खेळवलं, हिच्या परीक्षांना जागले, आणि ही मला गिऱ्हाइकासारखं परत पाठवते? "परदेशात जाऊन आलीस म्हणून आम्ही परके झालो काय ग?" मी तिथेच सुनावलं. ती मान खाली घालून पुढच्या माणसाचं खोकल्याचं औषध काढायला लागली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. तर आधी आमचं दुकान समजून घ्या. दादाचं औषधांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर, वर आमचं घर. सगळ्या गावाच्या पोटात काय चाललंय ते दादाला तोंडपाठ. मास्तर रस्त्याच्या पलीकडे दिसले की हा इकडून ओरडणार, "काय मास्तर, पोट साफ झालं का?" आणि मास्तरही पिशवी हलवत तिकडून ओरडणार, "झालं, झालं!" सासूचं औषध न्यायला सून आली की दादा तिला औषध कशावरचं, किती दिवसांचं, डॉक्टरांना मनातून काय वाटतं, सगळं सांगून मोकळा. लोक म्हणायचे, घरच्यासारखा माणूस. दुपारी मीही तिथे स्टुलावर बसायची. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मी आधीच सांगून टाकते, उगाच मागाहून कोणी बोलायला नको.

या सगळ्यात भिंगरी वाढली. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून खोक्यावर उभी राहून गिऱ्हाइकांना विचारायची, "काकू, काकांचं गळू फुटलं का?" लोक कौतुकाने हसायचे. पुढे फार्मसीला गेली, आणि शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या अदलाबदलीच्या योजनेत तिची निवड झाली. तिकडची एक मुलगी इकडे, इकडची एक तिकडे, तिथल्या औषधाच्या दुकानात काम शिकायचं. दादाने बाजारात एक माणूस सोडला नाही. तापाने फणफणलेलं गिऱ्हाईक आलं तरी आधी ही बातमी, मग गोळी.

तिथून तिचा फोन यायचा तेव्हा आम्ही दोघी हसून लोळायचो. दुकान म्हणे दवाखान्यासारखं चकाचक, खण दाबला की आपोआप बाहेर येतो. पण मजा म्हणजे काउंटरपासून लांब, जमिनीवर एक पिवळी रेघ. एक माणूस काउंटरवर असला की बाकीच्यांनी रेघेच्या मागे उभं राहायचं. "रेशनचं दुकान आहे का ग?" मी विचारलं. शिवाय बाजूला दाराची एक छोटी खोली. कोणाला काही खाजगी बोलायचं असेल तर त्या खोलीत न्यायचं आणि दार लावायचं. तिथल्या मोठ्या सरांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, ज्याचं औषध त्याच्याशीच बोलायचं. नवऱ्याने बायकोचं विचारलं, मुलाने बापाचं विचारलं, तरी नाही सांगायचं. "बापाचंही नाही?" मी म्हटलं. "काय मेली एकलकोंडी माणसं!" आणि आम्ही पुन्हा हसलो. ते हसणं आता आठवलं की मलाच कसंतरी होतं.

ती राहायला होती एका निवृत्त शिक्षिका बाईंकडे. एकट्याच, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. छोटं दुमजली घर, उभा जिना, मागे फुलझाडांची पट्टी. स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी किल्ल्यांचे हूक, आणि प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा. भिंगरी त्यांना आपल्या भाषेत 'आजी' म्हणायची. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि मग दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारू दिली नाही. बस कुठली पकडायची, कपडे धुण्याचं मशीन कसं लावायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. पोरीने तिथे जीव लावला.

एक दिवस आजी दुकानात आल्या. रेघेच्या मागे शांतपणे उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर भिंगरीला म्हणाल्या, "आत बसू या का?" छोट्या खोलीत त्यांनी चिठ्ठी पुढे केली. विसरण्याच्या आजारावरच्या गोळ्या होत्या, नव्याने सुरू केलेल्या. "दुसऱ्या दुकानात जाणार होते," त्या म्हणाल्या, "मग म्हटलं, तू आहेस ना." भिंगरीने त्यांना नीट समजावलं, कधी घ्यायच्या, चक्कर आली तर काय करायचं. आजींनी पाकीट घडी घालून पर्सच्या तळाशी, रुमालाखाली सरकवलं. हे भिंगरीने पाहिलं. पण तिला वाटलं, म्हातारी माणसं सगळंच जपून ठेवतात.

रविवारी आजींची लेक जेवायला आली. दुसऱ्या गावात बँकेत होती, येताना घाईत, जाताना घाईत. ती सिंकखालून काहीतरी काढायला वाकली आणि तिच्या हाताला करपून काळंठिक्कर झालेलं पातेलं लागलं. "आई, हे काय?" आजी म्हणाल्या, जुनं आहे. लेक ऐकेना. मागच्या वेळी फोन का उचलला नाहीस, बिल दोनदा कसं भरलंस, एकामागून एक सुरू झालं. आजी ताटातल्या अन्नाशी खेळत बसल्या. भिंगरीला ते बघवेना. आपल्या आजीला कोणी बोलतंय म्हटल्यावर हिच्या अंगात बाप संचारला, दुसरं काय! म्हणाली, "ताई, तुम्ही काळजी करू नका. विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्यात आता, आणि मी घरात आहेच की लक्ष ठेवायला."

आमच्याकडे याच वाक्यावर लेकीने हिचे हात धरले असते. बरं झालं बाई तू आहेस, म्हणाली असती. तिथे टेबलावर कोणी हललं नाही. आजींनी भिंगरीकडे पाहिलं. रागाने नव्हे हो, राग असता तर सोसला असता. वर्गातल्या हुशार मुलीने कॉपी केलेली पकडावी तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "अजून थोडं वाढू तुला?" आणि उठून आत गेल्या.

लेकीने भिंगरीला बागेत गाठलं. कोणत्या गोळ्या, केवढ्या ताकदीच्या, कधीपासून. आता तरी गप्प बसावं की नाही? तोपर्यंत सरांचे शब्द आठवले होते तिला, त्या खोलीचं दार आठवलं होतं. पण मोठं माणूस विचारतंय आणि आपण नाही म्हणायचं, हे आमच्या घरात तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने सगळं सांगितलं. "ती वाईट नव्हती ग, आत्या," नंतर मला म्हणाली, "घाबरली होती. मी सांगत होते आणि ती रडत होती. मला वाटत होतं, धरणीने पोटात घ्यावं."

पुढचं भराभर झालं. लेक पुन्हा आली ती गाडीची किल्ली घेऊन गेली. मग गॅस बंद झाला. मग घर बघायला माणसं यायला लागली. लेकीच्या गावातल्या वृद्धाश्रमात खोली ठरली. भिंगरी रोज कामावरून आली की हुकांवरची एखादी किल्ली कमी झालेली असायची. आजी तिच्याशी पहिल्यासारख्याच बोलायच्या, बसला उशीर झाला का विचारायच्या. त्यांनी ओरडावं म्हणून ही वाट बघत राहिली, आणि त्या ओरडेनात.

खरं तर मोठ्या सरांना जाऊन सांगायला हवं होतं. गेलीही होती त्यांच्या दारापर्यंत. पण कॉलेजचं नाव, हातातलं प्रमाणपत्र, इकडे फ्रेम तयार ठेवून बसलेला दादा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि ती मागे फिरली. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता निघायचा दिवस आला.

त्या संध्याकाळी घरात दोघींचंही सामान बांधलेलं होतं. एकीचं परत यायचं, एकीचं कायमचं जायचं. भिंगरीने माफी मागितली. आजी खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तिला मी सांगणारच होते ग. बागेला फुलं आली की बोलावणार होते, चहा करणार होते, आणि सांगणार होते. घर काय, आज ना उद्या जायचंच होतं. पण माझ्या तोंडाने सांगायचं होतं. तेवढंच एक माझ्या हातात उरलं होतं." मग म्हणाल्या, "तुझ्या सरांना मी काही बोलले नाही. तू निश्चिंत जा."

जिची गोष्ट हिला पोटात ठेवता आली नाही, तिने हिची ठेवली. पोरगी मेल्याहून मेल्यासारखी झाली. विमानात बसेपर्यंत तिला कोणाकडे वर बघवत नव्हतं.

आणि इकडे काय, तर सत्कार! प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं की ही रुग्णांचा विश्वास पटकन संपादन करते. दादाने ते फ्रेम करून बरोबर काउंटरच्या वर ठोकलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला लागला. भिंगरी त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायची. शेवटी एका सकाळी तिने फ्रेम उतरवली. दादा भडकला. "आमच्या दुकानाची लाज वाटते का आता तुला?" वर तिने काउंटरसमोर जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली आणि फ्रीजच्या बाजूला पडदा टांगला. लोक पट्टी ओलांडून यायचे, "ही कसली लक्ष्मणरेषा?" म्हणून हसायचे. पोरगी शेफारली, असं सगळ्यांचं मत झालं. खोटं कशाला बोलू, माझंही. बाप-लेक कामापुरतं बोलायला लागले.

अशातच ते गोळ्यांचं भांडण झालं, आणि त्या दिवशी ती माझ्या खोलीत येऊन दार लावून बसली. मला वाटलं, माफी मागायला आली. तिने हे सगळं सांगितलं. रडली नाही, पण पदवी मिळालेली मुलगी माझ्यासमोर नखं कुरतडत होती. "आत्या, मी सरांना अजून सांगितलेलं नाही," म्हणाली. "भिंतीवर ते वाक्य बघितलं की वाटतं, कोणीतरी चारचौघांत माझी थट्टा करतंय." मला प्रत्येक गोष्टीवर बोलायला असतं, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. पण त्या दिवशी "सांग आता," एवढंच म्हणाले. तिने माझ्यासमोर फोनवर सरांना सगळं लिहिलं आणि पाठवलं. प्रमाणपत्र काढून घेतील कदाचित. उत्तर अजून आलेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादा माझ्याकडे आला. खुर्चीत बसला, उजवा हात मांडीखाली दाबून. बराच वेळ पंख्याबद्दल, डासांबद्दल बोलला. मग म्हणाला, "कंपवात आहे म्हणे. गोळ्या सुरू केल्यात. तुला भिंगरीने सांगितलंच असेल."

"नाही," मी म्हटलं. "मी विचारलं होतं. चार माणसांत विचारलं, वाट्टेल ते बोललेही. तिने नाही सांगितलं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, एव्हाना बाजारभर झालं असेल. म्हणून दुकानात बसवत नव्हतं ग." मग हळूच विचारलं, "ते मास्तर... मी रस्त्यावरून ओरडतो, तेव्हा त्यांना कसं वाटत असेल?" चहा टाकते म्हणून मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. मी स्टुलावर, भिंगरी काउंटरवर, दादा गल्ल्याशी. मास्तर पलीकडून येताना दिसले. दादाने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तरांना चैन पडेना, रोजची हाक नाही म्हणजे काय! ते रस्ता ओलांडता ओलांडताच ओरडले, "काय हो, गप्पसे? बरं नाही का तुम्हाला? हात कसा थरथरतोय तुमचा?"

सगळं दुकान दादाच्या हाताकडे बघायला लागलं. त्याने हात काउंटरखाली घेतला. कानापर्यंत लाल झाला माझा भाऊ, एवढ्या वर्षांत मी त्याला तसं बघितलं नव्हतं. मग लोक भिंगरीकडे वळले, नेहमीप्रमाणे, काय झालंय ग बाबांना? तिने ओठ घट्ट मिटले होते. लोक माझ्याकडे वळले. मला सगळं माहीत होतं, आणि मी जीभ दाताखाली धरून बसले.

दादाने मुलीकडे एकदा पाहिलं. मग गल्ला बंद केला, मास्तर पट्टीपर्यंत यायची वाट बघितली, आणि हळू आवाजात म्हणाला, "पडद्यामागे या मास्तर. सांगतो."