क्रेनचे वय

क्रेनच्या इंजिनाचे वय केवळ तासांवर मोजू नये, हे मी आमच्या फोरमनला पटवू शकलो नाही. आणि तसे सुचवल्याबद्दल त्याने मला कधी क्षमा केली नाही.

भिलाईत भट्टीची उभारणी चालली होती. संस्कृत पाठशाळेतून आलेल्या मला यार्डातील यंत्रांच्या वापराची नोंद ठेवण्याचे काम मिळाले होते. ठरावीक तास भरले की इंजिन उघडून तपासायचे, असा नियम. परंतु रिकामे धडधडणारे इंजिन आणि पूर्ण भार उचलून वारंवार बंद-चालू होणारे इंजिन यांत तास मोजणाऱ्या मीटरला भेद कळत नसे. म्हणून प्रत्येक सुरुवात आणि प्रत्येक जड उचल मी निराळी टिपत असे. त्या गणतीने आमची मोठी क्रेन केव्हाच थकली होती, आणि तिच्या भाराखाली माणसे काम करीत.

"मीटर पाहा नं. लई तास बाकी हायेत," फोरमन सर्वांदेखत म्हणाला. "क्रेनची पत्रिका मांडून राहिले का, पंडितजी? मंगळ हाय का तिले?"

सारे हसले. भंडाऱ्याकडचा क्रेनचालकही हसला. क्रेन थांबली की त्याला खडी वाहायला लावीत.

खांडेनवमीच्या सकाळी त्याच चालकाने माझ्याकडून क्रेनची यथासांग पूजा करवून घेतली. दुपारी फोरमनने भट्टीचा खांब उचलण्याचा हुकूम सोडला.

"आज नाही, साहेब," चालक म्हणाला. "पूजलेल्या हत्याराले आज हात नाही लावत."

"पंडितजीनं शिकवलं तुले?"

"माह्या बापानं शिकवलं."

मी एवढेच म्हणालो, "क्रेन थांबलीच आहे. पुन्हा चालवण्यापूर्वी इंजिन उघडू द्यावे."

"उघडा! आत काही नाही निघालं, तर सामान बांधा आपलं."

दसरा उलटल्यावर इंजिन उघडले. बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचे तांबे उघडे पडले होते. फोरमनने त्यावर बोट फिरवले, ते माझ्या धोतराला पुसले आणि म्हणाला, "एवढ्यावर चालते. उचलला असता खांब."

खांब पडला नव्हता, म्हणून त्याला खोटे ठरवणे अशक्य होते.

नवी बेअरिंगे बसली, खांब उभा राहिला. त्याच दिवशी आज्ञा झाली की पंडितजींनी यापुढे फक्त तास लिहावेत. मी उचलीही लिहीत राहिलो. तो कागद फोरमन माझ्यासमोर फाडी. मी त्याच्यासमोर नवा घेई.