डॉक्टरांचं रेशन आणि मामींची मेंढी

"सायेब, घोडी आणलीय. बसा," सोपानमामा म्हणाले.

मी डोंगराच्या पायथ्याशी उभा होतो. मोटरसायकल पुढं जाणार नव्हती. मामांचा मेंढवाडा वर माळावर होता, धारूरच्या अलीकडं. मेंढवाडा म्हणजे जाळीचं कुंपण करून मेंढ्या बसवतात ती जागा, आणि शेजारीच धनगराचं पाल. सामान वाहायची घोडी मामांनी खास माझ्यासाठी रिकामी करून आणली होती.

"नको मामा. चालतच जाऊ. तेवढाच व्यायाम होईल."

मामांनी माझ्या पोटाकडं पाहिलं, मग घोडीकडं पाहिलं. "चला मंग. पर बिगी बिगी. मेंढी लई वंगाळ करतीय."

मी सरकारी दवाखान्यातला ढोरांचा डॉक्टर. अंबाजोगाईच्या माणसांच्या डॉक्टरांनी थोड्याच दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं, "शुगर काठावर आहे. वजन उतरवा, नाहीतर गोळ्या चालू करू." गोळ्यांना मी घाबरतो. बैलाला बोटाएवढी सुई टोचणारा माणूस मी, पण स्वतःची गोळी घशाखाली उतरत नाही.

उतरवू म्हटलं. आहार हा तर माझा विषय. जनावराचं वजन बघून त्याला किती चारा, किती पेंड द्यायची, हे आम्ही हिशेबानं काढतो. त्याला रेशन काढणं म्हणतात. त्यात एक 'मेंटेनन्स रेशन' असतं. जनावर नुसतं जगावं, दूध नाही, काम नाही, इतपतच चारा. मी माझं मेंटेनन्स रेशन काढलं. ते बघून वाटलं, हे तर फारच आहे. म्हणून निम्मं केलं. सकाळी काकडी, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा काकडी. बायको म्हणाली, "अहो, अशानं म्हैससुद्धा लाथ मारील." मी तिला म्हणालो, आहारातलं तुला काय कळतं.

सकाळी फिरायलाही जात होतो. पण आमच्याकडं साहेब माणूस पायी दिसला की लोकांना काळजी वाटते. "गाडी बंद पडली का सायेब?" म्हणत जो तो थांबायचा. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटायचं. त्यामुळं मी जाताना चालत जायचो आणि येताना कुणाच्या तरी मागं बसून यायचो. एकदा तर जातानाच बसलो.

असा हा तयारीचा माणूस डोंगर चढायला लागला. पहिल्या वळणावर शूज काढून खडा शोधला. खडा नव्हता. दुसऱ्या वळणावर उभं राहून निसर्ग पाहिला. तिसऱ्या वळणावर बहाणा सुचेना, सरळ दगडावर बसलो. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मामा माझी बॅग खांद्याला लावून वर उभे होते. घोडी मोकळीच त्यांच्या मागं चालत होती. मामा सारखे वर पालाकडं बघत होते. तेव्हा तरी मी घोडीवर बसायला हवं होतं. पण एकदा नको म्हटलेलं, आता कसं बसणार?

वर पोचलो तेव्हा मामांची बायको, गयामामी, मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. धनगराच्या पोरीला लग्नात मेंढ्या आंदण देतात. मामींनी माहेरून आणलेल्या मेंढीच्या वंशातली ही शेवटची. बाकीच्या मेंढ्या मामांच्या, ही एकटी मामींची. पोटात दोन कोकरं होती. अंगानं चांगली धष्टपुष्ट. पण मान वाकडी टाकलेली, आणि डोळ्यांसमोर हात हलवला तरी पापणी हलत नव्हती.

"खाणं कधी सोडलं?"

"झड लागली तवापासून," मामी म्हणाली. "पावसानं मेंढरं भाईर सोडताच आली न्हाईत. बाकीच्यांनी पाला खाल्ला. हिनं तोंड लावलं न्हाई."

मी मेंढीच्या तोंडाशी नाक नेलं. फळ फार पिकून नासायला लागलं की येतो तसा गोडसर वास. निदान तिथंच झालं. पोटात जुळं असलं की मेंढीला खाणं जास्त लागतं, आणि पोटात जागा मात्र कमी उरते. अशात खाणं एकदम तुटलं, तर शरीर स्वतःची चरबी जाळायला काढतं. ती घाईघाईनं जळाली की रक्तात विष साठतं. अंगात चरबी जास्त असलेल्या मेंढीला हे आधी होतं. मग ती आंधळ्यासारखी करते, पडते आणि जाते.

मानेच्या शिरेतून ग्लुकोज द्यायचं होतं. सुई काढली. पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. शीर जागेवरच होती, माझा हात थरथरत होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला भीती वाटली. मेंढी डोळ्यांदेखत चालली होती आणि माझी बोटं माझं ऐकत नव्हती.

मामी माझ्या तोंडाजवळ वाकून मेंढीला धरत होती. ती एकदम थांबली.

"सायेब, तुमच्या तोंडाला बी तसलाच वास येतोय की."

मी तोंड बाजूला केलं.

"सकाळधरनं काय खाल्लंय तुमी?"

"काकडी."

मामी उठली आणि पालातून गुळाचा खडा घेऊन आली. मी सवयीनं म्हणालो, "नको मामी, मला गूळ बंद आहे."

तेव्हा मामांचा बांध फुटला. "तिकडं ती मराया लागलीय अन् तुमी गूळ बंद हाय म्हंता? खावा आधी!"

खाल्ला. त्यावर शिळी भाकरीही खाल्ली, दूध घालून. तोपर्यंत मामींनी माझ्या सांगण्यावरून गूळ पाण्यात कालवला आणि मेंढीला थोडाथोडा पाजला. ठसका लागू नये म्हणून मी तिचं तोंड फार वर करू दिलं नाही. आम्ही दोन पेशंट शेजारी शेजारी बसून एकाच ढेपेतला गूळ घेत होतो. थोड्या वेळानं हात स्थिर झाला. या वेळी सुई एका झटक्यात शिरेत गेली.

बाटली संपेपर्यंत मी मामींना समजावत होतो. खाणं एकदम तोडायचं नाही. रोज थोडं चालवायचं. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात वरून धान्याचा भरडा द्यायचा.

मामींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "एवढं समदं ठावं हाय, तर तुमी कावून एकदम तोडलं?"

मामा दुसरीकडं बघून हसले. मी बाटली जरा वर धरली.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. मेंढी उठली होती, पाला खात होती. पुढं ती व्याली. एक कोकरू कमजोर निघालं, ते वाचलं नाही. दुसरं आईच्या मागं पळतं. मी लवकर वर पोचलो असतो तर पहिलंही जगलं असतं का, सांगता येत नाही. मामींनी ते कधी विचारलं नाही. मला मात्र रुखरुख आहे.

घरी बायकोला म्हणालो, रोजची भाकरी दे, पण हळूहळू कमी करत ने. सकाळी चालायला जातो, आणि कुणी गाडी थांबवली तर हात जोडून पुढं पाठवतो. वजन उतरतंय, पण भरल्या गाडीच्या बैलाच्या चालीनं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्या अजून तरी लिहिलेल्या नाहीत.

जनावर उपाशी ठेवलं की मी मालकाला चारचौघांत झापतो. त्या दिवशी मालकही मीच होतो आणि जनावरही मीच, म्हणून झापायचं काम मामींनाच करावं लागलं.