श्रोत्यांची पत्रं मीच लिहिली

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास नाशिकबाहेरच्या एका संस्थेने सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं आणि दर शुक्रवारी दुपारी चारचा अर्धा तास मला दिला. त्याआधीची बारा-तेरा वर्षं मी वरातीत डीजे म्हणून घालवली होती. त्यावर पोट भरायचं, पण जीव अडकला होता डीप हाऊस नावाच्या विलायती संगीतात. संथ ठेका, खालून घुमणारा बेस आणि एखाद्या बाईचा आर्त आवाज, तीच ओळ पुन्हा पुन्हा. मुंबईला जाऊन कॅसेट शोधायचो, पुढे सीडी. एकदा ओझरला हळदीत हे दोनच मिनिटं वाजवलं, तर नवरदेवाचा मामा म्हणाला, "भाऊ, मशीन अडकलं का?"

तर असा मी. चाळिशीला टेकलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आवडीचं लोकांना ऐकवत होतो. तो अर्धा तास गेला असता तर माझ्याकडे पुन्हा वरातीच उरल्या असत्या.

आणि तो जायची वेळ आलीच. केंद्र सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "द्राक्षाच्या फवारणीवर ढीगभर पत्रं येतात. तुमच्या कार्यक्रमाला एक नाही. महिनाअखेर समिती बसतेय. पत्रं आली तर बघू, नाहीतर ही वेळ फवारणीला."

तीन शुक्रवार मी माइकवर अक्षरशः भीक मागितली. एक ओळ लिहा, शिव्या घाला, पण लिहा. चौथ्या आठवड्यात माझा धीर सुटला. पोस्टकार्डं आणली आणि स्वयंपाकघरात बसून अकरा पत्रं लिहिली. काही डाव्या हाताने, तीन बायकोकडून. ती म्हणाली, "कोणी ऐकतच नसेल तर कशाला जीव काढता?" मी तिच्यावर खेकसलो. तिने तिसरं कार्ड पूर्ण केलं आणि कुकर लावायला उठली.

पाठवणाऱ्यांची गावं घातली गिरणारे, आडगाव, पंचवटी. एकावर कळवण. ते माझं आजोळ, हाताला सवयीचा पत्ता, लिहून गेलो. सगळी पोस्टात टाकली.

समितीत पंचवटीच्या बाजारात भाजी आणणारे एक बागायतदार होते, शांत माणूस. मॅडमनी गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी नेमकं तेच कार्ड उचललं. "कळवण? आपलं स्टेशन तर ओझरच्या पुढे लागत नाही."

खरंच होतं. आमचा टॉवर केवढासा! पंधरा किलोमीटरच्या पुढे खरखर, हे मीच दर शुक्रवारी सांगायचो. रेडिओवाल्यानेच ही चूक करावी!

"सगळी मीच लिहिली," मी म्हणालो.

कोणी रागावलं नाही, त्याचंच जास्त लागलं. बागायतदारांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. बाहेर गाडीपाशी मी एकेक कार्ड फाडायला घेतलं, आणि शेवटी हातात एक परकं अक्षर आलं. पेन्सिलीने लिहिलेलं, वर नुसतं मखमलाबाद.

"तुमचं गाणं लागलं की आम्ही सासूसुना झेंडू ओवता ओवता गप बसतो. त्याचे शब्द कळत नाय, पण लय रडू येतं. मन हलकं होतं. बंद करू नका."

मी धावत आत गेलो. "मॅडम, हे खरं आहे. हे मी नाही लिहिलं."

त्यांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि कार्ड परत दिलं. "छान लिहिलंय हो," त्या म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता मी घरी रेडिओ लावला. द्राक्षावरच्या भुरी रोगावर माहिती चालू होती. मखमलाबादला त्या दोघींनीही लावला असेल, आणि त्यांना वाटलं असेल, आपलं पत्र पोचलंच नाही.