शिवणाचं नाव काढायचं नाही

जावेचं चांगलं झालं की हिच्या पोटात दुखायचं, आणि ही गोष्ट ती स्वतःपासून कधी लपवत नसे. घर एकच, मधे फळ्यांची भिंत. अलीकडे हिचं पायमशीन आणि कापडाचे गठ्ठे; पलीकडे धाकटी जाऊ, कॉलेजात शिकवणारी, आणि छताला टेकलेली पुस्तकं. जाऊ भांडकुदळ असती तर निदान चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण ती मेली स्वभावानं गोड!

मोठ्या शाळेचे गणवेश ही बारा वर्षं शिवत होती. तिथल्या निम्म्या पोरींची मापं तिला तोंडपाठ होती, पण फाटकाच्या आत काही ती कधी गेली नव्हती. यंदा पाचवीच्या प्रवेशाला घरातल्या दोन्ही पोरी बसल्या, हिची लेक आणि जावेची लेक. लेखी परीक्षेत हिची लेक अकरा गुणांनी पुढे! हिला आभाळ ठेंगणं झालं. मग कळलं, अजून मुलाखत आहे.

भिंतीला कान असतात म्हणतात. इथे कानालाच भिंत लागली. पलीकडे मायलेकी जेवता जेवता कुठल्याशा बोटीच्या गोष्टीवर गप्पा मारत. कप्तान चुकला का? तू असतीस तर काय केलं असतंस? हिनं ते सगळं कापडाच्या खडूनं खाकी कागदावर उतरवलं आणि आठ दिवस लेकीकडून घोकून घेतलं.

"आणि शिवणाचं नाव काढायचं नाही," तिनं बजावलं. "शिवणवालीची पोर म्हणून बाजूला काढतील."

"पण सुट्टीत काय करतेस विचारलं तर?"

"वाचते म्हण."

मुलाखतीत लेकीनं बोटीची गोष्ट घडाघडा सांगितली. मग बाईंनी सहज विचारलं, "बोट बुडत होती तेव्हा तुला कुणाची काळजी वाटली?" हे काही भिंतीपलीकडून आलं नव्हतं. पोर पुन्हा कप्तानाच्या चुकाच सांगू लागली. चार दिवसांनी पत्र आलं: पाठांतर उत्तम, स्वतःचं निरीक्षण कमी. प्रवेश पुतणीला मिळाला.

हिच्या अंगाचा तिळपापड झाला. पाठांतर म्हणे! पलीकडे दहा वर्षं रोज जेवताना चालतं ते काय मग? त्यांनी पाजलं की संस्कार, आणि आम्ही आठ दिवसांत पाजलं की पोपटपंची!

त्यावर कळस म्हणजे जाऊच पुतणीला घेऊन मापाला आली. "ताई, तुमच्याशिवाय कुणाकडे शिवणार?" म्हणाली आणि पोरीला ठेवून गेली. हिनं टेप लावली. काखेत अर्धा इंच कमी धरावा, घाल म्हणावं वर्षभर गुदमरत, असं अगदी बोटांपर्यंत आलं होतं. लेक बाजूला जमिनीवर बसून सदऱ्याची काजं करत होती.

"काकू, मला मुलाखतीत काय विचारलं माहितीये?" पुतणीची टकळी सुरू झाली. "जवळून पाहिलेलं एखादं काम सांग म्हणाल्या. मी तुमचं सांगितलं! कॉलर उलटी शिवून मग सुलटी कशी करता, पाय आणि हात एकदम कसे चालतात, सगळं. बाई म्हणाल्या, किती बारीक नजर आहे गं तुझी! फक्त हातानं काज करताना आधी चिरतात की आधी टाके घालतात, ते मला येईना. बाई म्हणाल्या, असू दे, चालेल."

हिच्या हातातली टेप तिथेच थांबली. एवढी वर्षं जावेचा हेवा केला, पण आज पहिल्यांदाच तिला कुणाचा राग धरावा ते कळेना.

"आधी चीर," लेक मान वर न करता म्हणाली. "मग टाके."

तिनं दोरा दातानं तोडला, सुईत नवा ओवला.

"आई, मी शिवणाचं सांगितलं असतं, तर मलाही चालेल म्हणाल्या असत्या का गं?"

आईनं टेप पुन्हा पुतणीच्या काखेला लावली आणि अर्धा इंच जास्तच धरला.