झाडं लई, लेकरं नाहीत

वाळूजच्या कारखान्यांत बदलून येणाऱ्या परदेशी कुटुंबांना घरं दाखवणं हे माझं काम. एका दुपारी मी एका कोरियन बाईंना आणि त्यांच्या लहान मुलीला आमच्याच शहराच्या टोकाला असलेल्या सातारा परिसरातल्या एका वसाहतीत नेलं. दुतर्फा कडुनिंब, मागं डोंगर. बाईंना घर पसंत पडलं.

मुलगी झोपाळ्याकडे धावली, तसा फाटकावरचा म्हातारा वॉचमन उठला. खांद्यावरच्या रुमालानं त्यानं झोपाळ्याची धूळ पुसली आणि मला हळूच म्हणाला, "साहेब, राग मानू नका. इथं झाडं लई हायेत, पण लेकरं नायत. समदे रिटायर लोक. ही पोरगी कुणासंगं खेळंल?"

व्यवहार जवळजवळ ठरला होता. तरी मी त्याचं म्हणणं बाईंना सांगितलं. त्यांनी गारखेड्यात, गजबजलेल्या गल्लीत घर घेतलं.

काही महिन्यांनी दुसऱ्या कुटुंबाला घेऊन मी पुन्हा त्या कडुनिंबांच्या वसाहतीत गेलो. वॉचमननं मला ओळखलं. "त्या पोरीला मैत्रीण भेटली का?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिथूनच बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मुलगी खाली खेळतेय, हाका मारल्या तरी वर येत नाही.

मी ते त्याला सांगितलं. "बरं झालं," म्हणून तो फाटक उघडायला गेला.