शालनबाईंचा खुलासा

शालनबाई गेल्याची बातमी फोनवर आली तेव्हा मी कुडाळच्या बाजारात सुरमई घेत होते. अंगणवाडी सेविकांच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला होता. मी इतरांसारखंच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, फोन पर्समध्ये टाकला आणि तुकड्या नीट कर म्हणून मासेवालीला बजावलं. दुपारी ती सुरमई चवीने खाल्लीही. हे लिहिताना लाज वाटते. पण खरी लाज याहून जुनी आहे...

मी त्यांची पर्यवेक्षिका. खाडीकाठच्या त्यांच्या अंगणवाडीत पहिल्यांदा गेले, तेव्हा आत एकही मूल नव्हतं. सगळी बाहेर खळ्यात, सारवलेल्या अंगणात. फणसाच्या पानांचे बांगडे मांडून बाजार भरला होता आणि चाळिशीच्या शालनबाई पदर खोचून घासाघीस करत होत्या. ‘‘हे शिळे दिसतत गो!’’ त्या एका मुलीला म्हणाल्या. ती फणकारली, ‘‘शिळे नाय! आताच होडी इली!’’ मागाहून कळलं, ती सानिका. तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आई नवस बोलून थकली होती. दोन महिने तिने नुसती पानं मांडली, आणि गेल्या आठवड्यापासून गिऱ्हाइकांशी भांडायला लागली होती. शालनबाई हे सांगताना फुलून आल्या होत्या. मला मात्र भिंतीवर तक्ते का लावले नाहीत, याचीच काळजी.

गंमत म्हणजे, खेळाचं महत्त्व प्रशिक्षणात मीच शिकवायचे. ठोकळे रचताना मूल तोल शिकतं, बाहुलीला जेवू घालताना माया शिकतं... पुस्तिकेतलं सगळं तोंडपाठ. मग वरून खेळण्यांचा संच आला. लाकडी ठोकळे, बाहुली, डॉक्टरची पेटी. मी सगळ्या सेविकांना बजावलं, तपासणीला साहित्य जसंच्या तसं दिसलं पाहिजे. सहा महिन्यांनी जाऊन बघते तर शालनबाईंच्या बाहुलीचा हात गायब, ठोकळे चिखलाने माखलेले. साहेबांचा दौरा तोंडावर होता. माझा पारा चढला. वहीत शेरा मारला, ‘साहित्याची हेळसांड. खुलासा सादर करावा.’

खुलासा दुसऱ्या दिवशी आला. दोनच शब्द. ‘मुलं खेळली.’

मी तो कार्यालयात सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला. हशा पिकला. मग त्यांना बोलावून मीच मजकूर सांगितला, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, यापुढे असे होणार नाही.’ त्या उभ्याउभ्याच लिहीत होत्या. ‘निष्काळजीपणा’वर पेन थांबलं.

‘‘मॅडम, बावली आजारी होती. पोरां तिका सुई टोचीत होती. हात तसो तुटलो.’’

‘‘लिहा,’’ मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, आणि शब्द पाळला. नवा संच आला तो थेट कपाटात गेला, वर कुलूप. खळ्यातला बाजारही उठला. माझी स्कूटर दिसली की मुलं रांगेत. मी त्यांची अंगणवाडी इतरांना ‘नीटनेटकी’ म्हणून दाखवू लागले. त्यांनी अढी धरली नाही. गेले की गरम घावणे पुढे यायचेच, आणि मीही निर्लज्जपणे दोन जास्तच खायचे.

माझ्या निवृत्तीनंतर एकदाच भेट झाली, तळेऱ्याच्या स्टँडवर. त्यांच्या हातात औषधांची पिशवी, गाल बसलेले. ‘‘नातू कसो आसा, मॅडम?’’ त्यांनी विचारलं. मी कौतुकाने तक्रार केली, ‘‘काही धड ठेवत नाही हो, सगळं मोडतो.’’

‘‘मोडूंदे. म्हणजे बरो आसा,’’ त्या म्हणाल्या.

टोमणा नव्हता तो, टोमणे मारणं त्यांना जमायचंच नाही. तरी माझे कान तापले. माफीचे शब्द अगदी ओठांवर आले होते... तेवढ्यात देवगडची गाडी लागली आणि मी सुटका झाल्यासारखी चढले.

त्या गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या घरी जाऊन आले. परतताना अंगणवाडीत डोकावले. नवी सेविका अजून आलेली नाही. जुन्या मदतनीस रुक्मिणीबाईच मुलं सांभाळतात. त्यांनी अभिमानाने कपाट उघडलं. ‘‘बगा मॅडम, एकय मोडूक नाय. बाईंनी जपून ठेवल्यानी.’’ ठोकळे प्लास्टिकमधून कधी बाहेरच आले नव्हते. मी ती पिशवी फाडली, सगळं सतरंजीवर मुलांपुढे ओतलं आणि म्हटलं, ‘‘घेवा रे, खेळा.’’

कुणी हललं नाही. सगळी मुलं हात पाठीमागे बांधून बघत राहिली. एका लहानगीने पायाचा अंगठा हळूच ठोकळ्याला लावला आणि दचकून मागे घेतला.

‘‘हात लावूचो नाय,’’ शेजारच्या मुलाने तिला दटावलं. ‘‘बाईंनी सांगल्यानी हा.’’

बाईंनी नाही रे, मी सांगितलं होतं... एवढंही मला त्या पोराला सांगता आलं नाही.