पेट्रोल उतरलं तेव्हाचा गुणाजी

गुणाजी घाडी टॅक्सी अनवाणी चालवायचा. लालबागच्या स्टँडवर आला की चपला काढून सीटखाली सारायचा, पाय फडक्यानं पुसायचा आणि मगच गाडीत बसायचा. नव्या माणसाला वाटायचं, कोकणातला गडी आहे, गाडीला देव मानत असेल. देवाबिवाचं काही नव्हतं. ॲक्सिलेटर किती दाबला ते चपलेला कळत नाही, तळव्याला कळतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

गाडी म्हणजे एक म्हातारी हिलमन. मालक गिरगावातले कमलाकांत तळपदे. घराणं जुनं, एके काळी वाड्या आणि बागा बाळगून असलेलं. आता वाड्या गेल्या होत्या, बागा गेल्या होत्या, भिंतीवरच्या तसबिरी आणि हा एक टॅक्सीचा परवाना उरला होता. पेट्रोल मालकाचं आणि धंद्यातला ठरलेला हिस्सा गुणाजीचा, असा दोघांत व्यवहार होता.

गुणाजीचं चालवणं खरोखर बघण्यासारखं होतं. चौकातल्या पोलिसाचा कोपर जरा हलला की ह्याला कळे, आता आपली बाजू सुटणार. म्हणून लांबूनच तो वेग असा बेतून आणायचा की चौकात थांबायची वेळच येऊ नये. ब्रेक मारणं म्हणजे विकत घेतलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतणं, असं त्याचं ठाम मत. पुलाच्या उतारावर तो इंजिन बंद करायचा आणि गाडी आपल्याच वजनानं खाली यायची. पायथ्याशी क्लच हलकेच सोडला की इंजिन पुन्हा जागं व्हायचं आणि मागे बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर त्याला ‘चिंगूस’ म्हणायचे. तो हसायचा. नाव ठेवणाऱ्यांच्या तोंडी लागायला इंधन लागतं आणि ते जाळायची त्याची तयारी नव्हती.

मग छप्पन साल संपता संपता तिकडे सुएझच्या कालव्यात जहाजं बुडवली गेली आणि इकडे मुंबईत पेट्रोल भडकलं. त्या दिवसांत शहराचं डोकं आधीच तापलेलं. भिंतीभिंतीवर गेरूनं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ लिहिलेलं, आज सभा, उद्या हरताळ. धंदा पडलेला, त्यात हे. ज्यांनी गुणाजीला चिंगूस म्हटलं होतं तेच आता त्याच्या खिडकीशी येऊन विचारू लागले, “गुणाजीदा, एका गॅलनात तुझी गाडी एवढी धावते तरी कशी?” त्यानं काहीच हातचं राखलं नाही. सगळ्यांना चपला काढायला लावल्या. स्टँडवरची पुढची टॅक्सी गेली की मागच्यांनी इंजिन चालू न करता गाड्या हातांनी ढकलत पुढे न्यायच्या, ही रीतही त्यानंच पाडली. रांगेतले सगळे खाली उतरून, एकमेकांना शिव्या घालत, दंडाच्या जोरावर टॅक्स्या पुढे रेटताहेत, हे दृश्य बघायला चाळीच्या गॅलरीत माणसं जमायची. कमलाकांतशेठ तर चारचौघांत सांगायचे, “आमचा गुणाजी आहे म्हणून ह्या दिवसांत गाडी रस्त्यावर आहे.” त्या हिवाळ्यात गुणाजी दोन बोटं उंच झाला होता.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात दर उतरला.

बातमी राजारामनं आणली. स्टँडवर पेपर विकत घेणारा तो एकटाच, त्यामुळे जगातल्या सगळ्या घडामोडींचा तो वारसदार होता. ऐकल्याबरोबर रांगेतल्या मागच्या टॅक्सीचा गंगाधर म्हणाला, “समितीनं निवडणुकीत दिल्लीवाल्यांना पाणी पाजलं ना, त्याची ही करामत. टरकले साले.”

“समितीचा काय संबंध रे? कालवा मोकळा झाला,” राजाराम म्हणाला.

“पण आपलं तेल तर समोरच्या आखातातून सरळ येतं. आपल्याला कालवा लागतोच कशाला?” गंगाधरनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता.

राजारामनं पेपरची घडी घातली. “हे बघ. भायखळ्याच्या पुलावर शंभर टॅक्स्या अडकल्या, तर दादरच्या माणसाला टॅक्सी मिळते का? त्याला तर पुलावर जायचंपण नसतं. तसंच हे. विलायतेला जाणाऱ्या सगळ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालत बसल्या, मोकळ्या बोटी उरल्या नाहीत, सगळीकडचं भाडं चढलं. आता बोटी सुटल्या, भाडं उतरलं, पेट्रोल उतरलं.”

ते सगळ्यांना पटलं. गंगाधरनं सगळ्यांना चहा पाजला आणि रांग पुढे सरकायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी आपापली इंजिनं चालू केली. एकटा गुणाजी उतरून गाडी ढकलत होता. लोक हसले.

पेट्रोल उतरलं की ड्रायव्हरचा आनंद फार तर एक दिवस टिकतो. पहिल्या दिवशी वाटतं, सुटलो. दुसऱ्या दिवशी वाटतं, उतरलंय ते पुन्हा चढायलाच. आणि तिसऱ्या दिवशी मालक बोलावून घेतो. कमलाकांतशेठनी गुणाजीला गिरगावात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. घरचा खर्च जुन्या घराण्याचा आणि मिळकत एका टॅक्सीची, अशी त्याची ओढाताण होती. पन्हं पाजून तो म्हणाला, “गुणाजी, महागाईत तू मला तारलंस. पण आता पेट्रोल वाचवून काय करायचंय? आता फेऱ्या वाढायला हव्यात. बाकीचे बघ कसे पळवतात. तुला जमत नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

दुसरी गाडी मिळाली असती, नाही असं नाही. पण ह्या हिलमनचा क्लच कुठे पकडतो ते गुणाजीच्या पायाला ठाऊक होतं. ही गाडी गेली तर त्याची आयुष्याची कमाईच गेल्यासारखी होती.

त्यानं खरोखर प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी चपला घालून बसला आणि गाडी पिटाळली. दादरहून सुभद्राबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बसल्या, नेहमीच्या गिऱ्हाईक, मांडीवर हापूसची करंडी. परळच्या नाक्यावर ह्यानं करकचून ब्रेक मारला आणि सगळे आंबे गाडीभर झाले. बाई ओरडल्या नाहीत. आंबे वेचता वेचता एवढंच म्हणाल्या, “गुणाजी, बरं वाटत नाही का रे तुला?”

तो प्रश्न त्याला फार लागला. संध्याकाळी तो स्वतःच्या पायानं गिरगावात गेला, किल्ली कमलाकांतशेठच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “शेठ, माझ्याच्यानं नाही व्हायचं.” भांडला नाही, रडगाणं गायला नाही. ज्या कामानं आपल्याला मान दिला ते काम वाकडं करून पोट भरायचं नाही, असं ठरवायला मोठी छाती लागते. ती ह्या किडकिडीत माणसाकडे होती.

गाडी आनंदाला मिळाली. आनंदा वरळीच्या बीडीडी चाळीत गुणाजीच्या शेजारच्याच इमारतीत राहायचा. पोरगा मनानं चांगला, पण पायात वारं भरलेलं. जांबोरी मैदानावरच्या सभेला वेळेवर पोचायचं म्हणून पॅसेंजरला अक्षरशः उडवत नेणारा. त्यानं फेऱ्या वाढवल्या, शेठ खूश झाले. गुणाजी मात्र घरात बसून राहिला. रोज संध्याकाळी खाली हिलमन येऊन थांबली की त्याचे कान टवकारायचे आणि गिअरचा खरखराट ऐकून तो डोळे मिटून घ्यायचा.

“आता घरात बसान काय करतल्यात?” बायको बकुळा म्हणायची. “दुसरी गाडी बघा.”

“बघतंय,” तो म्हणायचा, आणि बघायचा नाही.

अशाच एका तापलेल्या दुपारी दारात आनंदा उभा राहिला. घामानं निथळत होता. त्याची बायको लक्ष्मी पहिलटकरीण, दिवस भरायला अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या आणि लक्षण ठीक नव्हतं. सुईणीनं हात टेकले होते. परळच्या इस्पितळात न्या, म्हणाली होती, आणि बजावलं होतं की धक्का लागता कामा नये.

“दादा, तू चल,” आनंदा म्हणाला.

“गाडी तुझ्याकडे आसा मरे. तूच ने की.”

“माझ्या हातात नको. मी कसा चालवतो ते मला माहीत आहे.”

गुणाजी उठला. चपला दारातच राहिल्या.

लक्ष्मीला उचलून मागे निजवलं, बकुळानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आनंदा पुढे बसला. गुणाजीनं तळवा टेकवला. त्या दिवशी त्यानं जी गाडी चालवली ती बघायला शेठ हवे होते, आणि सगळा स्टँड हवा होता. चाळीपुढचे खड्डे त्यानं एक एक करून चुकवले. समोरून समितीचा मोर्चा येत होता. पोरांनी आत बघितलं आणि कुणीही न सांगता घोषणा थांबवून वाट दिली. एल्फिन्स्टनच्या पुलावर चढताना इंजिन कुरकुरलं नाही आणि उतरताना लक्ष्मीनं विचारलं, “आपण थांबलो का?” बकुळाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं नवऱ्याच्या चिंगूसपणाला हसत आली होती ती.

इस्पितळाच्या दारात लक्ष्मीला आत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तपासून सांगते. कदाचित मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. गाडी सोडू नका.”

गुणाजी गाडीत बसून राहिला. इंजिन चालू होतं. ह्या हिलमनला गरम असताना बंद केलं तर पुन्हा चालू होताना कधी कधी रुसायची, हँडल मारावं लागायचं. वेळ गेला. आनंदा आतबाहेर करत होता. आठवलं की कुठल्या तरी देवाला नवस बोलत होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

“दादा, किती वेळ झाला. इंजिन बंद कर ना. केवढं पेट्रोल जळतंय.”

“जळू दे,” गुणाजी म्हणाला. “स्वस्त झालंय.”

आनंदा फुटपाथवर बसला आणि तोंड ओंजळीत घालून रडला.

हलवावं लागलं नाही. उन्हं कलताना आया बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आनंदा आत धावला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा गुणाजी खाली उतरून, अनवाणी, डांबरावर पाय भाजत उभा होता. त्यानं किल्ली पुढे केली.

आनंदानं ती घेतली नाही. मागचं दार उघडून तो गिऱ्हाईकासारखा सीटवर जाऊन बसला.

“गिरगावात घे, दादा.”

“आत्ता? बायको आत, नि तुका गिरगावात काय काम?”

“शेठना सांगायचंय, ही गाडी कुणाची आहे ते,” आनंदा म्हणाला. “आणि सावकाश चल. मला बघायचंय तू कसा चालवतोस ते.”